विनोदिनीची फळी

सगुणच्या गाडीत झोपायला खाट होती, खाटेखाली पाण्याची टाकी होती, शेगडी होती, भिंतीला मुडपून ठेवता येणारं टेबल होतं आणि खिडक्यांना बायकोने, शेवंतीने, स्वतः शिवलेले फुलाफुलांचे पडदे होते. नव्हता तो फक्त गारवा. बटण दाबलं की एसी असा घोंघावायचा की वाटावं, आता आतली माणसं गोठणार. थोड्या वेळाने तोंडावर यायची ती नुसती फुंकर, आणि तीही कोमट.

गाडी पूर्वी किनाऱ्यावरच्या कुठल्याशा हॉटेलची. पाहुण्यांची ने-आण करून करून म्हातारी झाली तेव्हा हॉटेलवाल्यांनी ती काढली आणि सगुणने घेतली. खाणी बंद पडल्या होत्या, ट्रक विकून झाला होता, आणि अर्धं आयुष्य स्टिअरिंगमागे काढलेल्या माणसाला अंगणात खुर्ची टाकून बसणं जमत नव्हतं. मोसमात मांद्र्याच्या किनाऱ्यावर येणारी गोरी माणसं अशा गाड्या भाड्याने घेऊन हिंडतात हे त्याने पाहिलं होतं. ती माणसं अशा गाडीला कॅम्पर म्हणत. शेवंती म्हणे, "खाट घातलेली गाडी."

या गाडीच्या तोंडावर, पुढच्या जाळीवर, एक भलीमोठी फळी आडवी बसवलेली होती. फणसाच्या लाकडाची, निळ्या रंगाची, आणि तिच्यावर पिवळ्याधमक अक्षरांत नाव: विनोदिनी. विनोदिनी ही सगुणची एकुलती एक मुलगी. ती जन्मली त्याच वर्षी त्याने पहिला ट्रक घेतला आणि लगेच नाव रंगवायला दिलं. रंगारी म्हणाला होता, "सगुणबाब, नाव लांब आसा. फळी पण लांब लागतली." सगुण म्हणाला, "लांबच लाव." तेव्हा दोन अक्षरी आटोपशीर नाव ठेवलं असतं तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण मुलीचं नाव ठेवताना एसीचा विचार कोण करतो?

सगुणच्या गावात, सुर्ल्याला, ट्रकवाल्यांची एक रीत होती. नावाची फळी ट्रकच्या कपाळावर एकदा चढली की ती उतरवायची नाही. रंग उडाला तर वर चढून जागच्या जागी रंगवायची. दसऱ्याला पहिलं फूल तिला, मग स्टिअरिंगला. फळी उतरायची ती फक्त ट्रक विकायच्या दिवशी. मालकाने स्वतः पाना घेऊन ती सोडवायची, काखेत मारून घरी आणायची आणि मगच किल्ली दुसऱ्याच्या हातात ठेवायची. फळी उतरली की ट्रक आपला राहिला नाही. खाणी बंद झाल्या त्या वर्षी गावात काखेत फळ्या मारून खाली मान घालून चाललेली माणसं रोज दिसत. कोणी कोणाला काही विचारत नसे. सगुणने आपली फळी सगळ्यांच्या शेवटी उतरवली. त्या रात्री तो जेवला नाही.

हॉटेलची जुनी गाडी दारात आली तेव्हा शेवंतीने फळीवरची कोळिष्टकं पुसलीसुद्धा नव्हती, तोवर हा पाना घेऊन हजर. गाडीच्या कपाळावर जागा नव्हती, कारण तिथे सावलीसाठी ताणायचं कापड गुंडाळून ठेवायची नळी होती. म्हणून फळी तोंडावर बसली. विनोदिनी तोवर लग्न होऊन विलायतेला गेली होती. नवरा फोंड्याचा, आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या कागदांवर पोर्तुगालचा पासपोर्ट काढलेला, आता तिकडे कुठल्याशा गोदामात पाळीवर जाणारा. तिथेच तिला मुलगी झाली. गाडीवर फळी आहे तोवर विनू आपली आहे, असं सगुण कोणाला बोलून दाखवत नसे. पण त्याच्या मनात होतं ते हेच.

विनू दोन वर्षांमागे मे महिन्यात आली होती. महिनाभर राहायचं म्हणून आली आणि आठवडाभरात गेली. नातीच्या अंगावर घामोळं फुललं, मग ताप चढला. कौलारू घर, एसी लावला असता तरी गारवा कौलांतून आभाळात गेला असता. विनूने पोरीला उचललं आणि म्हापशाला नणंदेच्या फ्लॅटवर नेलं, तिथल्या थंड खोलीत. सुट्टी तिथेच संपली. सगुण अधूनमधून फणसाचे गरे घेऊन जायचा, सोफ्याच्या कडेवर बसायचा आणि चहा पिऊन परत यायचा. लेकीला भेटायला दुसऱ्याच्या घरची बेल वाजवावी लागते याचं त्याला फार वाईट वाटलं होतं.

यंदा फेब्रुवारीत तिचा फोन आला. मे महिन्यात येणार, पण म्हापशाला उतरणार.

"म्हापशाक कित्याक?" सगुण म्हणाला. "गाडी आसा मगे. गाडीतच ऱ्हवया. मांद्र्याक दर्यार जाऊया. तुका लहानपणी नेवचा म्हणून ऱ्हवला ता..."

ते राहिलं होतं खरं. लहानपणी विनू ट्रकच्या केबिनमध्ये त्याच्याशेजारी बसायची आणि म्हणायची, बाबा, आज समुद्रावर. पण ट्रकची वाट ठरलेली: खाणीवरून नदीच्या धक्क्यावर, धक्क्यावरून खाणीवर. एकही खेप चुकवायची नाही. सगुण म्हणायचा, "उद्या." त्या उद्याची वाट पाहतच ती मोठी झाली.

"पण बाबा, ह्या पोरीक गरम सोसना नाय हो," विनू म्हणाली.

"गाडी थंडगार आसा," सगुण म्हणाला.

पलीकडे भांडी घासत असलेल्या शेवंतीने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "थंडगार? त्या गाडयेत मी काल पापड सुकवले."

दुसऱ्याच दिवशी सगुण डिचोलीला कृष्णनाथच्या गॅरेजवर गेला. कृष्णनाथ गाड्यांच्या एसीचं काम करतो, बोलतो कमी आणि तंबाखू चघळतो जास्त. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, पुढे येऊन थांबला आणि फळीवर बोटाने टकटक केलं.

"सगुणबाब, ही काढ."

"ती सोडून बोल."

"अरे, ह्या जाळीच्या मागे नळ्यांचं एक जाळं आसता. आतली गरमी थय भायर पडता. तेका वारो लागलो तर आत थंड. तू तेच्या तोंडार दार लावन ठेवलंस. वारो खयसून येतलो?"

"मी सांगतंय ना, ती सोडून काय ता बघ," सगुण म्हणाला. "वाटल्यास सगळी गाडी खोल. फळयेक हात लावायचो नाय."

कृष्णनाथने त्याच्याकडे पाहिलं, तंबाखू थुंकला आणि कामाला लागला. गिऱ्हाईकाशी वाद घालून त्याने कधी पोट भरलं नव्हतं.

मग ती फळी सोडून बाकी सगळं झालं. नळ्यांचं ते जाळं पाण्याचा फवारा मारून धुतलं, तर त्यातून हॉटेलच्या काळातली रेती आणि सुर्ल्याची लाल माती मिळून चिखल वाहिला. गॅस भरला. आतली हवा गाळणारी जाळी बदलली, तिच्यात मेलेल्या झुरळांचं अख्खं खानदान निघालं. दरवाजाचं रबर कुजलं होतं ते नवं बसवलं. मागे खाटेपर्यंत हवा पोचावी म्हणून छतालगत एक छोटा पंखा लागला. पुढची सीट आणि मागची खोली यांच्यामध्ये शेवंतीने जाड गोधडीचा पडदा टाकला. छपराच्या आतून फोम आणि चंदेरी कागद डकवला, आणि बाहेरून टपाला पांढरा रंग. टपावर चढून सगुण रंग मारत होता तेव्हा शेजारचा महादेव रस्त्यावरून ओरडला, "सगुण, गाडयेचा लगीन आसा काय रे?"

गाडीत फरक पडला, नाही असं नाही. सकाळी अंगणात उभी करून एसी लावला की आत छान वाटायचं. सगुण शेवंतीला हाताला धरून आत नेऊन बसवायचा आणि विचारायचा, "कसा?" ती म्हणायची, "बरा आसा." पण ऊन चढलं, गाडी रस्त्याला लागली की तासाभरात पुन्हा तीच कोमट फुंकर. ओंजळभर गारव्यासाठी सगुणने सगळं घर डोक्यावर घेतलं होतं, आणि ज्या एका गोष्टीने तो मिळाला असता तिच्याकडे तो बघतही नव्हता. शेवंतीला ते कळत होतं. ती त्याला सगळ्यावरून टोमणे मारायची, अगदी चंदेरी कागदावरूनसुद्धा. फळीवरून मात्र तिने कधी एक शब्द काढला नाही. तीही ती रोज पुसायची.

विनू मोपाच्या विमानतळावर उतरली तेव्हा भर दुपार होती. बाहेर येताच तिने फळी पाहिली आणि हसली. "बाबा, अजून मी गाडयेच्या तोंडार?" मग लेकीला म्हणाली, "बघ, माझं नाव." नातीचं नाव विलायती वळणाचं होतं, सगुणची जीभ त्यावर वळत नसे. तो तिला नुसतं बाय म्हणायचा. बायने आजोबाकडे पाहिलं आणि आईच्या पायांमागे लपली.

गाडी मांद्र्याच्या वाटेला लागली. पेडण्याला रस्त्याचं काम चाललेलं, गाड्यांची ही रांग. पुढे शेवंतीशेजारी बसलेल्या सगुणला आरशातून मागचं दिसत होतं, कारण गोधडीचा पडदा विनूने केव्हाच सारून ठेवला होता. एसी घोंघावत होता. बायचे गाल आधी गुलाबी झाले, मग लाल. केस कपाळाला चिकटले. विनूने विमानातलं मासिक काढून तिला वारा घालायला सुरुवात केली. मग तिचे मोजे काढले, मग सदरा. सगुणने बटण आणखी फिरवलं. बटण तिथेच संपत होतं. विनू काही म्हणाली नाही, आणि ती काही म्हणत नाही याचीच त्याला भीती वाटली. तक्रार केली असती तर तो भांडला असता, समजूत घातली असती.

मांद्र्याला सुरूच्या झाडांखाली गाडी लावली. समुद्र समोर होता. ज्या समुद्राचं त्याने लहानग्या विनूला नाव घेऊन घेऊन आश्वासन दिलं, तो एवढा जवळ होता, आणि विनू पाठ फिरवून पोरीच्या अंगावर ओला टॉवेल फिरवत होती. घामोळं गळ्यापाशी उठलंच होतं.

थोड्या वेळाने ती उतरून बापाजवळ आली. "बाबा, रागावू नका हां. उद्या आमका म्हापशाक सोडा. मी येयन अधनंमधनं तुमका भेटूक."

अधनंमधनं. सगुणच्या डोळ्यांसमोर तो सोफा आला, तो चहा आला, ती दुसऱ्याच्या घरची बेल आली. तो मागच्या दाराकडे गेला, हत्यारांच्या पिशवीतून पाना काढला आणि गाडीच्या पुढे जाऊन वाळूत गुडघे टेकले.

बोल्ट खाऱ्या हवेने गंजले होते. पहिला करकरत सुटला. विनूने आवाज ऐकला आणि धावत आली. "बाबा, काय करतात? नको!" तिला ती रीत ठाऊक होती. ट्रक विकला त्या संध्याकाळी फळी काखेत मारून अंगणात आलेला बाप तिने पाहिला होता. "बाबा, माका म्हापशाक जावचा नाय. नका काढू."

"गप ऱ्हव गो," सगुण म्हणाला. "ह्या तुझ्या नावानच वारो अडलो. कृष्णनाथान माका पयल्याच दिवशी सांगितल्यान. मीच ऐकूक नाय."

शेवटचा बोल्ट सुटला तशी फळी त्याच्या मांडीवर आली. जड होती. त्याने तिच्यावर हात ठेवला, आणि त्याला खरोखर वाटलं की आता विनू गेली. मग शेवंती पुढे झाली. तिने पदराने अक्षरांवरची माती पुसली, फळीचं एक टोक धरलं आणि दोघांनी मिळून ती खाटेखाली, पाण्याच्या टाकीशेजारी सरकवली.

दुसऱ्या दिवशी ऐन उन्हात सगुणने गाडी केरी तेरेखोलच्या वाटेला घातली. समुद्रावरचा वारा जाळीतून सरळ आत शिरत होता. पेडण्याच्या गर्दीत जो एसी दमेकऱ्यासारखा धापा टाकत होता, तो आता न बोलता काम करत होता. आरशात त्याने पाहिलं. बाय खाटेवर आडवी, तोंड उघडं, गाढ झोपलेली. थोड्या वेळाने विनूने तिच्या अंगावर चादर घातली. मे महिन्यात, भर दुपारी, सगुणच्या गाडीत, चादर! त्याने कोपराने शेवंतीला ढोसलं. ती म्हणाली, "बघलंय. पुढे बघून गाडी चालवा."

म्हापशाचं नाव पुन्हा निघालं नाही. नणंदच एक दिवस गाडी बघायला आली आणि आत बसल्यावर उठेना. सगळी सुट्टी त्या गाडीत गेली. सकाळी पाववाल्याची भोंगा वाजवणारी सायकल आली की बाय अनवाणी धावायची आणि गरम पाव छातीशी धरून आणायची. कधी मयेच्या तळ्याकाठी मुक्काम, कधी पुन्हा मांद्रे. शेवंती गाडीतल्या शेगडीवर बांगडे भाजायची आणि वासाने अख्खी वस्ती गोळा व्हायची. विनू समुद्रात कमरेपर्यंत शिरून ओरडायची, "बाबा, येवा!" आणि आयुष्यभर धक्क्यावर खनिज ओतलेला सगुण विजार वर करून गुडघाभर पाण्यात उभा राहायचा. दुपारी बाय आजोबाच्या कुशीत झोपायची, खाटेवर, आणि खाली खाटेच्या पोटात ती फळी असायची. सगुणला एवढं सुख कधी झालं नव्हतं, आणि रोज संध्याकाळी ते एका दिवसाने कमी होत होतं.

जायच्या दिवशी मोपाच्या दारात बायने आजोबाच्या मानेला मिठी मारली आणि सोडेना. विनू म्हणाली, "पुढच्या खेपेक लवकर येतलंय, बाबा." लवकर म्हणजे केव्हा ते तिलाही ठाऊक नव्हतं, त्यालाही. ती काचेच्या दारामागे गेली, वळून हात हलवला, पुन्हा हलवला. मग माणसांच्या गर्दीत कुठली पाठ तिची ते कळेनासं झालं.

दोघं गाडीत येऊन बसली. सगुणने किल्ली फिरवली आणि एसी आपोआप सुरू झाला. गाडी रस्त्याला लागली. गारवा असा आला की काय सांगावं! कृष्णनाथने पाहिला असता तर तंबाखू विसरला असता. मागे खाट रिकामी होती, चादर चुरगळलेली होती, आणि त्या रिकाम्या खाटेवर छतालगतचा पंखा इमानेइतबारे थंड हवा सोडत होता. सगुणने आरशात पाहिलं आणि आरसा वळवून ठेवला. शेवंतीने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.

"गार लागता," ती म्हणाली.

सगुण एसी बंद करू शकला असता, बटण हाताशीच होतं. त्याने धारगळच्या अलीकडे, वडाखाली, गाडी बाजूला घेतली. उतरला. मागचं दार उघडून वाकला आणि खाटेखाली हात घातला. फळी बाहेर यायला वेळ लागला, कारण तिच्यावर बायचा एक मोजा आणि मांद्र्याची बरीच वाळू होती. मोजा त्याने सदऱ्याच्या खिशात घातला.

शेवंती उतरून पुढे आली तेव्हा तो जाळीपाशी गुडघे टेकून बसला होता. एका हाताने फळी धरायची आणि दुसऱ्याने बोल्ट लावायचा, ते त्याला जमत नव्हतं. ती उन्हात रस्त्याच्या कडेला खाली बसली आणि दोन्ही तळव्यांनी फळी जाळीवर दाबून धरली. जाणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवून जात होत्या.

"खयचो आवळायचो ऱ्हवलो?" तिने विचारलं.

"डाव्या बाजूचो."

"मग घट्ट आवळा. मागच्या खेपेक सैल होतो."

सगुणने तो बोल्ट सगळी ताकद लावून आवळला. मग दोघं गाडीत बसली आणि निघाली. कोलवाळचा पूल यायच्या आत हवा कोमट झाली, मग गरम. शेवंतीने पदर खांद्यावरून खाली घेतला आणि त्याच पदराने तोंड पुसलं. दोघांच्याही पाठी घामाने निथळत होत्या, आणि सगुणला आता जरा बरं वाटत होतं.